दोघींनी मिळून सहा शहरं: न्यूयॉर्क ते माँट्रियल, गाडी न चालवता

मोठ्या नणंदेबरोबर तेवीस दिवस एकाच खोलीत राहणार, हे ऐकून माझ्या भिशीतल्या मैत्रिणींनी मला हात जोडले होते. ताई सहासष्ट वर्षांच्या, मी अठ्ठावन्न. त्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि माझी झोप इतकी सावध की फ्रिजचा आवाज बदलला तरी डोळे उघडतात. त्यांना पहाटे पाचला चहा लागतो. मला आठच्या आधी कुणी बोललेलं चालत नाही. दोघींनाही गाडी चालवता येत नाही. तरी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, शिकागो, टोरँटो, माँट्रियल आणि परत न्यूयॉर्क असा फेरा आम्ही रेल्वे, मेट्रो आणि एका छोट्या विमानप्रवासावर पुरा केला. कसा केला ते क्रमाने सांगते. तुमची जोडी नवरा-बायकोची असो, बहिणींची असो की शाळेपासूनच्या मित्रांची, पायऱ्या याच.

पहिली पायरी: तिकिटाआधी कागद

दोघींनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकींना न दाखवता, तीन गोष्टी लिहायच्या. काय बघितल्याशिवाय परत यायचं नाही, काय अजिबात सहन होत नाही, आणि दिवसाला किती पैसे सुखाने खर्च करता येतील. मग कागद अदलाबदल. आमच्याकडे ताईंच्या कागदावर नायगारा आणि आनंदीबाई जोशींची समाधी होती, माझ्यावर शिकागोचं कलासंग्रहालय आणि रात्रीची रेल्वे. सहन न होणाऱ्यांत ताईंनी लिहिलं होतं, "जेवायला उशीर." मी लिहिलं होतं, "सतत सोबत." हे दोन शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. पण ते लिहिले म्हणून पुढे रोज दुपारी दोन तास आम्ही वेगवेगळ्या फिरलो आणि संध्याकाळी एकमेकींना सांगायला काहीतरी असायचं.

दुसरी पायरी: दोन देश, दोन व्हिसे

अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे कामकाज-पर्यटनाचा व्हिसा असला तरी कॅनडात त्यावर शिरता येत नाही. कॅनडाचा अभ्यागत व्हिसा वेगळा, त्याचे बोटांचे ठसेही वेगळे. शिवाय कॅनडातून परत अमेरिकेत यायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचा आहे ना, हे शिक्क्यावर वाचून घ्या. भारतीय पासपोर्टवर तो बहुधा दहा वर्षांचा आणि अनेकवेळा प्रवेशाचाच मिळतो. मुलाखतीची तारीख मिळायला महिने जातात, त्यामुळे सप्टेंबरात जायचं तर आदल्या दिवाळीलाच अर्ज भरायला बसा.

डीएस-१६० हा अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज प्रत्येकीचा स्वतंत्र, पण सोबत कोण प्रवास करणार या प्रश्नाला दोघींनी एकमेकींचं नाव लिहायचं. दिवस, मुक्काम आणि खर्च कोण करणार, ही उत्तरं दोन्ही अर्जांत जुळली पाहिजेत. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी हेच विचारतो. तिथे पाठ केलेलं भाषण नको. "तेवीस दिवस, सहा शहरं, ही परतीची तिकिटं" एवढं पुरतं. विमानतळाबाहेर आल्यावर आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, इंटरनेटवर उघडून शेवटची तारीख बघून घ्या. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहता येतं ते या तारखेपर्यंतच.

बॅगेत लोणचं, चटणी, मसाले असतील तर खाद्यपदार्थ आहेत असं सांगून मोकळं व्हायचं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड. ताजी फळं, मांस आणि बिया नेऊच नका. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि प्रवासविमा दोघींचा स्वतंत्र घ्या, आधीच्या आजारांचं कलम वाचून. तिकडे एका रात्रीचं इस्पितळ म्हणजे सगळ्या सहलीचे पैसे.

तिसरी पायरी: फेऱ्याचा क्रम

मे किंवा सप्टेंबर उत्तम. जुलैत उकाडा आणि गर्दी, जानेवारीत शिकागोचा वारा तोंड उघडू देत नाही.

आम्ही न्यूयॉर्कला उतरलो. पाच दिवसांनी ॲमट्रॅक या अमेरिकी रेल्वेकंपनीच्या गाडीने फिलाडेल्फिया, तिथून वॉशिंग्टन. वॉशिंग्टनहून रात्रीच्या गाडीने शिकागो. शिकागो ते टोरँटो विमान, टोरँटो ते माँट्रियल रेल्वे, आणि माँट्रियलहून ॲडिरॉन्डॅक नावाच्या दिवसाच्या गाडीने परत न्यूयॉर्क. ही शेवटची गाडी उन्हाळ्यात कधीकधी बंद ठेवतात. तिकीट काढण्याआधी तपासा, नाहीतर बस आहेच. ॲमट्रॅकचं भाडं विमानासारखं चढतं, म्हणून दोन-तीन महिने आधी काढलेलं बरं.

शहरात भाड्याची गाडी घेऊ नका. जिथे रेल्वे घराच्या दारात येते तिथे पार्किंगला पैसे मोजण्यात काय हशील?

चौथी पायरी: खोली आणि डबा

खोली घेताना "टू क्वीन" म्हणजे दोन रुंद पलंग, हे शब्द बघा. नुसतं "डबल" लिहिलं असेल तर एकाच पलंगावर एकमेकींची लाथ खाण्याची तयारी ठेवा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी अख्खं घर भाड्याने द्यायला बंदी आहे, यजमान त्याच घरात हजर लागतो. म्हणून तिथे हॉटेलच धरा. मॅनहॅटनमध्ये परवडत नाही. नदीपलीकडे लाँग आयलंड सिटी किंवा जर्सी सिटी बघा, दोन्हीकडून गाडी काही मिनिटांत आत आणते. पैसे भरण्याआधी शेवटची ओळ वाचा, बऱ्याच ठिकाणी रोजचं वेगळं "फी" नावाचं शेपूट असतं.

पहाटेच्या चहाचं आम्ही असं सोडवलं: इकडची इलेक्ट्रिक किटली नेली नाही, कारण तिकडे १२० व्होल्ट असतात आणि आपल्या २३० च्या किटलीत पाणी तापायला फार वेळ लागतो. खोलीतल्या कॉफीयंत्रातून नुसतं गरम पाणी काढायचं, त्यात चहाची पुडी आणि दुधाची पावडर. ताई तो कप घेऊन खाली लॉबीत जायच्या. सातपर्यंत त्यांची लॉबीतल्या निम्म्या लोकांशी ओळख झालेली असे.

पैशांसाठी आम्ही "डबा" केला. चेन असलेली एक छोटी पिशवी, दोघींनी त्यात दोनदोनशे डॉलर टाकायचे आणि जेवण, टॅक्सी, तिकिटं त्यातून. संपला की पुन्हा तेवढेच. कुणी सूप घेतलं, कुणी नाही, याचा हिशेब नाही. खरेदी मात्र आपापल्या कार्डावर. हॉटेलं अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, ती सुटायला दिवस लागतात, त्यामुळे तिथे फॉरेक्स कार्डाऐवजी क्रेडिट कार्ड द्या. आणि प्रत्येकीकडे स्वतःच्या नावाचं कार्ड हवंच.

मेन्यूवरचा भाव हा खरा भाव नव्हे. न्यूयॉर्कमध्ये त्यावर ८.८७५ टक्के कर चढतो, टोरँटोच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १३, माँट्रियलच्या क्युबेक प्रांतात दोन कर मिळून १५ च्या थोडं खाली. बसून जेवलात तर वर टिप, अमेरिकेत १८ ते २० टक्के. न्यूयॉर्कमध्ये सोपी युक्ती: बिलावरचा कर दुप्पट करा, टिप झाली. काउंटरवर स्वतः घेतलेल्या कॉफीला यंत्राने टिप विचारली तर "नो टिप" दाबताना लाजू नका.

शाकाहारी असाल तर "व्हेज" हा शब्द पुरत नाही. सूप कशात उकळलं आहे, राजम्यात चरबी आहे का, हे विचारा. फलाफल (चण्याचे वडे), बेगल (कड्यासारखा पाव), मेक्सिकन भात-राजमा यांवर सहज दिवस निघतो. आणि पाणी बर्फाने गच्च भरून येतं, म्हणून बसल्या बसल्या "नो आइस" म्हणायचं. नळाचं पाणी प्यायला चालतं. बाटली भरून घ्या. एक बाटली वेगळ्या कामासाठीही ठेवा, तिकडच्या स्वच्छतागृहांत कागदच असतो. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

पाचवी पायरी: न्यूयॉर्क, आणि ताई हरवल्या तेव्हा

सबवेची फेरी साधारण ३ डॉलरची. वेगळं तिकीट लागत नाही, बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड दारावर टेकवायचं. एकाच कार्डाने सात दिवसांत बारा फेऱ्या झाल्या की त्या आठवड्यातल्या पुढच्या फुकट. पण ही मोजणी कार्डागणिक एका माणसाची, म्हणून दोघींनी आपापलं कार्ड टेकवा. गुडघ्यांसाठी नकाशात व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्टेशनं शोधा. लिफ्ट सगळीकडे नाही. बस मात्र थांब्यावर वाकून पायरी खाली आणते. ताईंना बसचं हे वाकणं इतकं आवडलं की त्या उतरताना चालकाला नमस्कार करायच्या.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी आम्ही कोलंबिया विद्यापीठाकडे निघालो होतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये तिथे शिकायला आले, त्यांचा अर्धपुतळा तिथल्या ग्रंथालयात आहे. गेली काही वर्षं बाहेरच्यांना आवारात सहज सोडत नाहीत, त्यामुळे आधी चौकशी करून जा. टाइम्स स्क्वेअरहून २ नंबरची जलद गाडी घेऊन ९६व्या रस्त्यावर उतरायचं आणि समोरच्या बाजूला १ नंबरची धिमी पकडायची, असा बेत. मी उतरले. ताईंच्या पुढे एक बाबागाडी आली, दार बंद झालं, आणि काचेमागून त्यांचा हात हलताना दिसला.

त्यांना एकच आकडा ठाऊक होता, ११६. मी त्यांना तेवढंच सांगितलं होतं. २ नंबरच्या मार्गावरही ११६ नावाचं स्टेशन आहे, पण ते पूर्वेला वळून हार्लेममध्ये. मी ब्रॉडवेच्या ११६वर उभी, ताई लेनॉक्स अव्हेन्यूच्या ११६वर, मध्ये एक आख्खं उद्यान आणि टेकडीचा उतार. आणि फोन? "दोघींत एक सिम पुरे, उगाच पैसे कशाला" असं म्हणणारी मीच. पाऊण तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला. ताईंनी माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी एका फळवाल्या बाईला दाखवली होती. मी टॅक्सीने पोचले तेव्हा त्या एका खोक्यावर बसून केळं खात होत्या. "वहिनी, तू कुठे हरवलीस?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

त्या संध्याकाळी केलेले नियम तुम्ही पहिल्याच दिवशी करा. दोघींच्या फोनवर स्वतंत्र ई-सिम, कॅनडाही धरलेलं. खिशात कागदावर हॉटेलचा पत्ता आणि एकमेकींचा नंबर, कारण बॅटरी संपते, कागद संपत नाही. ताटातूट झाली तर पुढे गेलेलीने लगेच पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि फलाट सोडायचा नाही. मागे राहिलेलीने त्याच नंबरच्या किंवा त्याच अक्षराच्या पुढच्या गाडीने तिथे जायचं. वेगळ्या नंबरची गाडी त्या स्टेशनावर थांबेलच असं नाही. अर्ध्या तासात भेट नाहीच झाली तर दोघींनी हॉटेल गाठायचं. तातडीला दोन्ही देशांत ९११.

बाकी न्यूयॉर्क: स्टेटन आयलंडची फेरीबोट फुकट आहे, एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं, आणि स्वातंत्र्यदेवीच्या समोरून जाते. उतरायचं नसेल तर हाच देखावा पुरेसा. भारतीय जेवणाची आठवण झाली की जॅक्सन हाइट्स. स्वच्छतागृहासाठी ब्रायंट पार्क लक्षात ठेवा. सार्वजनिक असून तिथे ताजी फुलं ठेवलेली असतात.

सहावी पायरी: फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन

न्यूयॉर्कच्या मॉयनिहन हॉल या रेल्वेस्थानकात गाडीचा फलाट सुटायच्या थोडा वेळ आधी जाहीर होतो आणि मग झुंबड उडते. एकीने पाटीखाली उभं राहायचं, दुसरीने सामानाजवळ. जवळच्या गाड्यांत जागेचा नंबर नसेल तर जी चपळ तिने पुढे जाऊन दोन जागा धरायच्या. ही विद्या आपल्याला एसटीने शिकवलेली आहेच.

फिलाडेल्फियाला एक मुक्काम. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा फुकट बघता येते. रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जेवा, पण आमिश लोकांचे (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) गाळे रविवारी बंद. आनंदीबाई जोशी इथल्याच विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कॉलेजची जुनी कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, हा १८८५ चा फोटो त्याच संग्रहातला.

वॉशिंग्टनला तीन दिवस. स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेची संग्रहालयं फुकट. विमानांच्या संग्रहालयाला मात्र वेळेचा पास आधी इंटरनेटवरून घ्यावा लागतो, तोही फुकटच. संग्रहालयाच्या दारात भेटायची वेळ आणि खूण ठरवून आत वेगवेगळ्या व्हा. "आत भेटू" हे ठरवणं नव्हे.

सातवी पायरी: रात्रीची गाडी आणि शिकागो

वॉशिंग्टनहून शिकागोची गाडी दुपारनंतर निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. झोपायच्या केबिनचे पैसे विमानाहून जास्त पडतात. साध्या डब्यातली खुर्ची आपल्या शिवशाहीपेक्षा ऐसपैस असते, पाय ठेवायला आधार असतो. गाडीत शिरतानाच सेवकाला "टू टुगेदर" सांगा म्हणजे शेजारच्या जागा देतो. शाल, मोजे, कानात घालायला बोळे आणि जेवण सोबत घ्या. उजेड आहे तोवर हार्पर्स फेरीजवळ पोटोमॅक आणि शेनांडोआ नद्यांचा संगम दिसतो. खिडकी सोडू नका. गाडीला उशीर होतोच, कारण रूळ बहुतेक मालगाड्यांच्या कंपन्यांचे. त्या दिवशी पुढचं कुठलंही तिकीट काढून ठेवू नका. आणि शिकागोचं घड्याळ एक तास मागे असतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही.

शिकागोला चार दिवस द्या, तीनमध्ये पोट भरत नाही. नदीतून जाणारी वास्तुकलेची बोटफेरी साधारण दीड तासाची. पैसे जातात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला गगनचुंबी शहर बसल्या जागी बघायची याहून चांगली सोय नाही. मिलेनियम पार्कमधला चकचकीत "बीन" अनिश कपूर यांचा, म्हणजे जन्माने मुंबईकराचा.

तिथून चालत आर्ट इन्स्टिट्यूट, म्हणजे माझ्या कागदावरचं कलासंग्रहालय. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंदांचं भाषण याच इमारतीत झालं. ते सभागृह आता नाही, पण बाहेरच्या रस्त्याच्या भागाला त्यांचं नाव दिलेलं आहे. दारातले दोन सिंह आमची भेटायची खूण. ताई वर सुरा या फ्रेंच चित्रकाराचं ठिपक्याठिपक्यांचं मोठं चित्र बघायला गेल्या, मी तळघरात थॉर्न यांच्या लहानग्या खोल्यांकडे. अडुसष्ट खोल्या, एका फुटाला एक इंच या मापाने केलेल्या. नखाएवढे पेले, बोटभर झुंबर, खिडकीतून पलीकडची खोटी बाग दिसते आणि त्या बागेतलं ऊन खोलीतल्या गालिच्यावर पडलेलं. भातुकली म्हणायची तर श्रीमंतांची. मी तिथे सव्वा तास होते. सिंहाजवळ आले तर ताई आधीच उभ्या. "मी ते चित्र जवळून बघितलं तर नुसते ठिपके, लांबून बघितलं तर माणसं. मग मागे-पुढे करत बसले," म्हणाल्या. सोबत असतो तर दोघींपैकी एकीला तरी घाई झाली असती.

आठवी पायरी: कॅनडा

टोरँटोच्या पिअर्सन विमानतळावरून यूपी एक्सप्रेस ही विमानतळाची रेल्वे पंचवीस मिनिटांत युनियन स्टेशनला आणते. मेट्रो, ट्राम, बस यांना एकदा कार्ड टेकवलं की दोन तास हवं तिथे बदला. सीएन टॉवरवर चढण्यापेक्षा फेरीने समोरच्या बेटांवर जा, तिथून टॉवरसकट सगळं शहर दिसतं. सेंट लॉरेन्स मार्केट सोमवारी बंद असतं. नायगारासाठी एक पूर्ण दिवस. कॅनडाच्या बाजूने धबधबा समोरून दिसतो, अमेरिकेच्या बाजूने त्याच्या खांद्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. खालून बोट दोन्हीकडून जाते. कॅनडाच्या बोटीतले रेनकोट लाल, अमेरिकेच्या निळे. चष्म्यासाठी कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

माँट्रियलला रेल्वेने पाच तास. दुकानात शिरलं की "बॉन्जूर, हाय" म्हणतात. इंग्रजीत उत्तर दिलंत की पुढचं इंग्रजीत चालतं. पण पहिलं "बॉन्जूर" आपणही म्हणावं, चेहरा लगेच सैल होतो. भट्टीतला गरम बेगल हातात घेऊन चालत खा. न्यूयॉर्कच्या बेगलपेक्षा लहान आणि गोडसर.

परतीच्या ॲडिरॉन्डॅक गाडीत सीमेवर अधिकारी डब्यात येतात. पासपोर्ट हातात, फळं पोटात, आणि प्रश्न ज्या व्यक्तीला विचारला तिनेच उत्तर द्यायचं. मी ताईंच्या वतीने बोलायला गेले आणि त्याने हात वर करून मला थांबवलं. गाडी संथ आहे, दहा-अकरा तास घेते. शँप्लेन सरोवर पूर्वेला, म्हणजे दक्षिणेकडे येताना डाव्या हाताला. पुढे हडसन उजवीकडे.

नववी पायरी: पुकिप्सी

शेवटचा मोकळा दिवस ताईंचा, आनंदीबाईंच्या समाधीसाठी. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन मार्गाची गाडी, शेवटचं स्टेशन, पावणेदोन-दोन तास. जाताना डावीकडे बसा, नदी सतत सोबत असते. गर्दीची वेळ टाळली तर तिकीट स्वस्त. पुकिप्सी रुरल सिमेटरीला स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीचं आधीच बोलून ठेवा. आवार मोठं आहे, कार्यालयात विचारून नकाशा घ्या. आनंदीबाई १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, त्यांचं वय एकवीस. त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांची रक्षा, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांना पाठवली आणि त्या बाईंनी ती इथे आपल्या कुटुंबाच्या दफनजागेत ठेवली. त्या कुटुंबाच्या दगडांत एक दगड जोशींचा. ताईंनी पर्समधून हळदी-कुंकवाची पुडी काढली. ती त्यांनी विमानतळापासून कुणाच्या डोळ्यावर येऊ दिली नव्हती.

वेळ उरला तर हडसनवरचा जुना रेल्वेपूल आता पायी चालायचा झाला आहे, दोन किलोमीटरचा. ताईंनी पाव अंतरावर बाक पकडला.

परत ग्रँड सेंट्रलला उतरलात की खालच्या मजल्याकडे, ऑयस्टर बारच्या दारासमोर, टाइल्सची बसकी कमान आहे. एकीने एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसरीने तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. कितीही हळू बोललं तरी आवाज छतावरून फिरून दुसरीच्या कानात येतो, मधून जाणाऱ्यांना काही ऐकू येत नाही. तेवीस दिवसांनंतर काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात भिंतीतून ताईंचा आवाज आला, "वहिनी, मोठ्या बॅगेचं वजन केलंस का? तेवीस किलोच चालतं."